रांगेला पाठ झालेला पासवर्ड

दवाखान्यातल्या रिपोर्टांचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी तो घरून उघडायची परवानगी तीनदा मागितली होती. साहेबांनी तिन्ही अर्ज फेटाळले. कारण एकच, सुरक्षेला धोका. आज सर्व्हर बंद पडला, तेव्हा आजारी आईच्या उशाशी बसून ताई साहेबांच्या नावाने बोटं मोडत वॉचमनकाकांना फोनवर पासवर्ड सांगत होत्या. काकांना ऐकू कमी येतं.

"सातनंतर मोठा एस, काका."

"आठ?"

"सात हो, सात. किती वेळा घसा फोडू?"

काका प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत एका बोटाने दाबत होते. शेवटी रिपोर्टाच्या रांगेतला कोणीतरी वैतागलेला ताईंना फोनवर ऐकू आला.

"सरका काका, मी टाकतो. आम्हा सगळ्यांना पाठ झालाय आता."