काटवटीत पडलेला निळा गिलावा

भानामती वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी चौथी शिकलेली बाई, चारचौघांत तोंड उघडत नाही… पण इथे लोक आपले अनुभव लिहितात ते वाचते, म्हणून घरात कोणाला न सांगता लिहिते आहे.

घर नांदूरघाटचं, केज तालुका. मातीचं माळवद, त्यात सिमेंटचा कण नाही. केजला एसटीडीचा पिवळा बूथ नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमचे हे गवंडी. एजंटाने कुवेत सांगून लेबनानला धाडलं. तिथे आपसातलंच युद्ध पेटलेलं. खोली स्वस्त म्हणून हे पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्तीत राहत. पत्रात लिहायचे — दोन माणसं शेजारून जाणार नाहीत एवढी गल्ली, आणि तिच्यातच लढाई. कोण कोणावर गोळ्या झाडतंय ते कळत नाही. मग पत्रं थांबली.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी भर दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते. वरून काटवटीत गिलाव्याचा तुकडा पडला. सिमेंटचा, एका बाजूने निळा रंग. मग दुसरा, तिसरा… हाताला गरम लागत होते. वर पाहिलं तर माळवद जसंच्या तसं.

मी दिराला म्हणाले, "भाऊजी, तिकडं कायतरी झालंय. केजला जाऊन एजंटाला फोन करा."

सासूबाई म्हणाल्या, "पिठात खडे पडत्यात, ही भानामती हाय. फोन कावून? भगत बोलवा."

भाऊजींना केजला जायला वेळ नव्हता; भगत मात्र संध्याकाळी आला. भानामती करणारं घरातलंच असतं म्हणे. त्याने सगळ्यांना कोरडे तांदूळ चावायला दिले — ज्याचे ओले होणार नाहीत तो दोषी. माझे कोरडेच निघाले. नवऱ्याच्या काळजीने घसा सुकलेल्या बाईच्या तोंडात पाणी येणार कुठून? फोनसाठी ज्यांना वेळ नव्हता त्या भाऊजींनी माझे हात धरले आणि भगताने पाठीवर कडुलिंबाचे फोक ओढले. कबूल हो म्हणत होता. मी फोन करा एवढंच म्हणत राहिले.

चार महिन्यांनी हे परत आले, उजव्या कानाने बहिरे होऊन. मी लपवून ठेवलेला तुकडा दाखवला. ह्यांनी तो उलटून निळी बाजू पाहिली.

"ह्यो माझ्या खोलीचा हाय. निळा रंग मीच दिलता."

तोच सोमवार. तिथली सकाळ, म्हणजे आपली दुपार; तोफगोळा पडून छत कोसळलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या पॅलेस्टिनी बाईने आणि तिच्या लेकींनी अंधार पडेपर्यंत हातांनी ढिगारा उपसून ह्यांना काढलं. त्या परक्या बायका ढिगारा उपसत होत्या, तेव्हा इथे माझी माणसं मला मारत होती.

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बग, भगतानं वाचवलं माझ्या लेकाला."

दुसऱ्या दिवशी हे नारळ आणि कोंबडा घेऊन भगताकडे निघाले. मला म्हणाले, चल. मी पदर बाजूला करून पाठ दाखवली. ह्यांनी पाहिली… मान खाली घातली, आणि गेले. भगताकडेच.

तो गिलावा आमच्या काटवटीत कसा पडला, मला आजही सांगता येत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, भगताला विचार.