शेषरावभाऊंचे दोन मोकळे वाल्व्ह

शेषरावभाऊ वाल्व्ह तोंडानं तपासायचे. फडक्यानं पुसायचा, ओठांना लावायचा, डोळे मिटून फुंकायचं आणि निकाल द्यायचा, "हा मोकळा हाय. हा जराक जड." पुण्याहून खामगावच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून आलो त्या दिवशीच मी हे पाहिलं आणि मनात हसलो. माझ्याकडे मोजमापाचं यंत्र होतं आणि गर्व होता. दोन्ही कोरे करकरीत.

आम्ही ग्राइंडिंग मशीन बनवत होतो. तिचं जड टेबल लोखंडावर घासत नाही. चार कोपऱ्यांतून दाबानं तेल सोडतात आणि टेबल केसाहून पातळ थरावर तरंगतं. कुठल्या कोपऱ्याला किती तेल, ते चार छोटे वाल्व्ह ठरवतात. डिझाइन माझं, चारही वाल्व्ह सारखे. घडवणारे भाऊ. तीस वर्षं इथेच फिटर, मितभाषी, डबा खातानाही कुणाच्या वाट्याला जायचे नाहीत.

ट्रायलच्या आदल्या दिवशी मी वाल्व्ह मोजले तर दोन जास्त उघडे.

"भाऊ, हे काय?"

"मोटर उजवीकडं नेली ना सायेब तुम्ही, ड्रॉइंग झाल्यावर. तिकडं वजन वाढलं. म्हून ते दोन मोकळे ठेवले."

"ड्रॉइंगमध्ये आहे का तसं?"

"नाई. पण ड्रॉइंगले वजन लागत नाई सायेब. टेबलाले लागते."

बाजूचा वेल्डर फिसकन हसला. मला ते झोंबलं. मी दोन्ही वाल्व्ह काढायला लावून ड्रॉइंगबरहुकूम दुसरे बसवायला सांगितले. भाऊंनी वाद घातला नाही. "बदलतो. मशीन तुमची हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर टेबल उचललं गेलं, उजवीकडे बसलं आणि असा कर्रकर्र आवाज झाला की माझी पदवीच खरवडली गेली असं वाटलं. मालकांनी विचारलं, "वाल्व्ह कुणी केले?"

मी म्हणालो, "शेषरावभाऊंनी. ड्रॉइंग सोडून करत होते, कालच पकडलं मी."

शब्दन् शब्द खरा. खोटं बोललो असतो तर निदान पकडला तरी गेलो असतो.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आता सगळं सांगतील असं मला वाटलं. "हो. सोडलं होतं ड्रॉइंग," ते म्हणाले. मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी एकेक बोट पुसलं, डबा उचलला आणि गेले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांचेच दोन वाल्व्ह गुपचूप बसवले. टेबल लोण्यासारखं सरकलं. मालकांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मोताळ्याला त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची, हे मी दर रविवारी ठरवत असे. रविवार बरेच होते. गेलो तेव्हा भाऊंना वारून महिना झाला होता. मुलीनं चहा केला.

"बाबा लय नाव काढत तुमचं. वय झालं म्हून मीच काम सोडलं, सायेब तर थांबा म्हनत होते, असं सांगत."

माफीची वाक्यं मी एसटीत पाठ केली होती. तिनं विचारलं, "खरंच थांबा म्हनले होते ना तुम्ही?"

मी हो म्हणालो.