चार वाजेपर्यंतचे हात

शेजारच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. माझं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच असतं, आणि रोज अकराच्या सुमाराला, नेमकी माझी टीम मीटिंग चालू असताना, भिंतीतून ढुम् ढुम् यायला लागायचं. लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या या जोडघरांच्या भिंती म्हणजे नुसता पापुद्रा. एक दिवस माझं टाळकंच सटकलं. तशीच चपला अडकवून गेले आणि बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, उंच, सडपातळ गृहस्थांनी. दोन महिन्यांपूर्वी एकटेच राहायला आले होते ते. गळ्यात चार तारांची मोठी गिटार. माझी सगळी बडबड त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "सॉरी, माय डियर. पण माझे हात याच वेळेला माझे असतात."

त्यांना पार्किन्सन्स होता. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने हात मोकळे व्हायचे आणि तासभर, फार तर सव्वा तास तसे राहायचे. मग पुन्हा थरथर. मग चहाचा कप उचलायलासुद्धा दोन हात लागायचे. सकाळची गोळी दहाची, म्हणून अकराला बेस गिटार. झांबियातल्या तांब्याच्या खाणींच्या एका गावात, सत्तरच्या दशकात, त्यांचा रॉक बँड होता. दोन रेकॉर्ड निघाल्या, पोरं वेडी झाली होती म्हणे. मग खाणी बसल्या, बँड मोडला, आणि हे इंग्लंडला येऊन एअरपोर्टवर विमानात सामान चढवत राहिले, थेट रिटायर होईपर्यंत. भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले. मीटिंग साडेबाराला ढकलली.

पुढे वर्षभराने त्यांच्याकडे एक तरुण डॉक्युमेंटरीवाली यायला लागली. त्या जुन्या रेकॉर्ड युरोपातल्या शौकीन लोकांच्या हाती लागल्या होत्या. तिने झांबियात जाऊन त्या बँडचा गायक आणि ड्रमर शोधून काढले होते. दोघंही म्हातारे, पण धडधाकट. बँड पुन्हा उभा राहतोय, यावर ती फिल्म करत होती, आणि त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता. बेसवाला तेवढा यायचा राहिला होता, म्हणजे हेच. गायक दर रविवारी व्हिडिओ कॉल करून यांना म्हणायचा, "तू ये रे, बाकी मी बघतो."

पण त्या बाईंची एक अट होती. लोकांसमोर वाजवताना एकदा बघायचंय, आणि शूटही करायचंय. घरात वाजवणं वेगळं, स्टेजवर वेगळं. त्यात तिचं काही चुकत होतं असं नाही. अट ऐकल्यापासून यांचा जीव टांगणीला लागला. लंडनमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला बसून ऐकतील असे शंभर लोक कुठून मिळणार?

तिथे मी नाक खुपसलं. म्हटलं, अहो, एप्रिलमध्ये आमच्या मंडळाचा जयंतीचा कार्यक्रम आहे. हॉल आहे, साउंड सिस्टीम आहे, दोनशे माणसं आहेत. सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे. या तुम्ही! खरं सांगायचं तर त्यात नुसता परोपकार नव्हता. आमचं मंडळ फिल्ममध्ये दिसेल, मीही दिसेन, हे मनात होतंच. होतं म्हणजे चांगलंच होतं.

वेळेचं गणित आम्ही दोघांनी त्यांच्या किचन टेबलावर बसून केलं. कार्यक्रम एकला सुरू. गोळी दोनला. पावणेतीनला स्टेजवर, तीन गाणी, सव्वातीनला मोकळे. जास्तीत जास्त चार वाजेपर्यंत हात साथ देणार, त्यानंतर नाही. मधेच जादा गोळी घेतली तर सगळं अंगच वळवळायला लागतं, म्हणून तीही सोय नाही. गोळीच्या या घड्याळाचं त्यांनी त्या डॉक्युमेंटरीवालीला काही सांगितलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेवर मी लाल पेनने गोल केला. त्यांनी तीनदा विचारलं, "पावणेतीन?" मी तीनदा सांगितलं, "पावणेतीन म्हणजे पावणेतीन."

आपल्या लोकांना मी काय आज ओळखते?

एकचा कार्यक्रम पावणेदोनला सुरू झाला. बुद्धवंदना झाली, दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं. दोन वाजता मी पहिल्या रांगेत त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी पाण्याची बाटली उचलून दाखवली. गोळी घेतली होती. मग प्रमुख पाहुणे उठले. बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही." तिथेच मी ओळखायला हवं होतं. गावची शाळा झाली, पहिली नोकरी झाली, मुलीची मेडिकलची ॲडमिशन झाली. त्यात पुढे कॅमेरा! कॅमेरा बघून एकेकाला असा काही जोर चढला की विचारू नका. ज्यांचं नाव पत्रिकेत नव्हतं तेसुद्धा "दोन शब्द" म्हणत उठले. मी चिठ्ठ्या पाठवत होते, घड्याळ दाखवत होते, पण माइक हातातून काढून घ्यायची हिंमत काही झाली नाही. मोठी माणसं, उद्या तोंड कसं दाखवायचं?

साडेतीन वाजले. आता सरळ त्यांना स्टेजवर बोलवायचं आणि वाजवू द्यायचं, एवढंच करायचं होतं. वेळ होता अजून. पण सत्कार ठरलेला होता. शाल द्यायची तर आधी परिचय हवा, आणि तो परिचय मी आठवडाभर बसून लिहिला होता. त्यांच्या खाणी, आपला संघर्ष, विसरलेली माणसं, विसरलेली गाणी. चांगला लिहिला होता. कॅमेरा माझ्याकडे वळला आणि मला कागदातली एक ओळ गाळवेना. माझी लेक साउंडच्या टेबलावर होती. इथेच जन्मलेली, मराठीची बोंब, पण डोकं ठिकाणावर. ती स्टेजच्या कडेला येऊन कुजबुजली, "आई, त्यांचा गोळी संपेल!"

"दोन मिनिटं गं," मी म्हणाले.

चौदा मिनिटं बोलले मी. नंतर लेकीने रेकॉर्डिंग बघून सांगितलं.

मग शाल, मग पुष्पगुच्छ, मग कमिटीतल्या प्रत्येकाबरोबर फोटो. ते हसत उभे होते. पुष्पगुच्छ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरला होता, आणि तो का धरलाय हे त्या हॉलमध्ये फक्त दोघींना माहीत होतं, मला आणि लेकीला. शेवटी अध्यक्षांनी आभार मानले आणि सव्वाचार झाल्यावर ते बेस घेऊन स्टेजवरच्या खुर्चीत बसले.

मागे जेवणाची पातेली उघडली होती. निम्मे लोक रांगेत लागले होते. पहिल्या चार सुरांना ताटं घेतलेली माणसंसुद्धा वळली. तो आवाज मी भिंतीतूनच ऐकत आले होते, समोरून पहिल्यांदा ऐकला. मग उजवा हात सुटला. बोटं आपोआप थडथड करायला लागली, तार नुसती खडखडली. ते थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरला आणि माइकमध्ये म्हणाले, "थँक यू. दॅट्स ऑल." आमच्या लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. कॅमेरा त्यांच्या हातांवर होता.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, मी त्या बाईंना सांगते, चूक आमची झाली, तुम्हाला उशीर आम्ही केला. ते म्हणाले, "नको. सबब वाटेल." आठवड्याने तिचा ईमेल आला, फार प्रेमळ. तुम्ही किती शूर आहात वगैरे. बेससाठी एक तरुण मुलगा ठरवला होता. त्या रविवारी गायकाचा फोन आला तेव्हा यांनी उचलला नाही. मी तिला मेल लिहायला बसले, तीनदा बसले. पण लिहायचं म्हणजे आधी हे लिहावं लागणार होतं, की घड्याळ मला माहीत होतं आणि तरी मीच बोलत राहिले. ते काही माझ्याने लिहवलं नाही.

ऑक्टोबरमध्ये सेंट्रल लंडनच्या एका थिएटरात फिल्म दाखवली. त्यांना दोन पास आले होते. "चल माझ्याबरोबर," म्हणाले. सूट घातला होता, बुटांना पॉलिश होतं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

फिल्म चांगली आहे, नाही म्हणता येत नाही. दोन म्हातारे स्टेजवर आले आणि समोरची पोरं नाचायला लागली, तेव्हा हे अंधारात पायाने ठेका धरत होते. मग आमचा हॉल आला. मंडळातले पाच-सहा जण मागे बसले होते, त्यांच्यातली एक चक्क ओरडली, "अगं, आपला बॅनर!" पडद्यावर तो हात, पडदाभर. आणि वरून त्या बाईंचा आवाज: पार्किन्सन्समुळे त्यांना आता वाजवता येत नाही. सगळं थिएटर हळहळलं. साफ खोटं होतं ते! थिएटरला यायच्या दिवशीच सकाळी अकराला त्यांनी हॉलसाठी बसवलेल्या तीन गाण्यांतलं शेवटचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं होतं, एकही सूर न चुकता, आणि मी हातातलं काम टाकून भिंतीला टेकून ऐकलं होतं.

दिवे लागले. प्रश्नोत्तरं सुरू झाली. डॉक्युमेंटरीवालीने मला ओळखलं आणि सगळ्यांना सांगितलं की या बाईंमुळे तो प्रसंग शूट करता आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माइक माझ्या हातात आला. मी उभी राहिले. ते वाजवतात, उशीर मी केला. एवढंच बोलायचं होतं. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती.

"फिल्म फार सुंदर झाली आहे. थँक यू," मी म्हणाले आणि माइक पुढे दिला.

खाली बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज थोडक्यात आटोपलंस."