उत्तमनं बेट दिलं न्हाई

माझा दोस्त उत्तम गेल्याचा फोन आला तव्हा मी गोदावरीच्या मधोमध होतो. होडीत लातूरकडचे पाव्हणे होते, हातात वल्हं होतं, अन् फोन मी उलटा धरला होता. एवढ्या वर्षांत मला अजून फोनचं तोंड कुठलं अन् कान कुठला ते समजलं न्हाई. उत्तमचा पुतण्या म्हणला, "काका, दादा गेले." मी म्हणलं, "कुठं गेले? दवाखान्यात आराम करा म्हणून सांगितलं होतं ना!" तिकडून पोरगं रडायलाच लागलं, मग मला कळलं. अख्ख्या गावाला एकदा सांगून कळतं ते मला दोनदा सांगावं लागतं, मग ती मरणाची खबर का असंना. थोड्या वेळानं एक पाव्हणा म्हणला, "मामा, होडी गोल गोल का फिरून राहिली?" मी एकाच बाजूनं वल्हं मारून राहिलो होतो.

खोटं सांगत न्हाई, रडू आलं त्याच्या आधी माझ्या मनात एकच आलं. आता नदीतलं आपलं बेट जातंय. उत्तम होता तवर कुणी हात लावला न्हाई. आता बेटावर डोळा असलेले ते हॉटेलवाले शेठ येतील, अन् आपण पाण्याच्या ह्या काठाला बसून आपल्याच जमिनीकडं बघत बसायचं.

मला लिहिता येत न्हाई. शाळेत बसायची जागा मला ठाऊक होती, पण तिथं बसून काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं न्हाई. म्हणून मी बोलून राहिलो अन् आमची बायको मंगल लिहून राहिली. मधी मधी ती "असं न्हवतं हो" म्हणून खोडती. तव्हा यात जे खरं हाय ते तिचं समजा, बाकीचं माझं.

विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी फुगलं की आमच्या गावापर्यंत येतं. नदीतला उंचवटा तेवढा चहूबाजूनं पाण्यात उभा राहतो, त्यालाच आम्ही बेट म्हणतो. गावातल्या मोजक्या घरांच्या जमिनी तिथं हायेत. केळी, हळद, थोडी ज्वारी. उत्तमचाबी तुकडा तिथंच. तो जल्मभर एसटीत कंडक्टर होता, निलंग्याच्या डेपोला. असा कडक की सासरा गाडीत चढला तरी तिकीट फाडायचा. सासरा म्हणायचा, "जावईबापू, पोरगी दिली मी तुम्हाला." हा म्हणायचा, "पोरगी घरी हाय मामा, ही गाडी सरकारची हाय." रिटायर होऊन गावात आला अन् त्याच्या डोक्यात बेट शिरलं. फोनवर त्यानं कुठलं तरी छोटं बेट बघितलं होतं, वेस्ट इंडीजकडचं. मला वेस्ट इंडीज म्हणजे एकच देश वाटायचा, नुसता क्रिकेट खेळणारा. उत्तम म्हणला, "किसन्या, ती सगळी बेटं हायेत. आपल्या तालुक्याएवढी. त्यांच्याकडं काय हाय? पाणी, केळी अन् ऊन. आपल्याकडं काय हाय?" मी म्हणलं, "डास." त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणला, "ते लोक बाहेरून पैसेवाले बोलावतात. म्हणतात, या, हॉटेल टाका, आमच्या केळीचा कारखाना टाका. आपणबी बोलवायचं. गावातली पोरं पुण्याला पळून राहिलीत, ती थांबतील."

अन् खरंच त्यानं बोलावलं. कुणाच्या ओळखीनं हैदराबादचे एक शेठ आणले, हॉटेलवाले. माणूस वाईट न्हवता, लई अदबीनं बोलायचा. उत्तमनं मला गाईड केलं. पँट घालायला लावली, मी ती मंगलच्या भावाची आणली. होडीतून उतरताना ती ढुंगणावर टर्रकन फाटली. मग अख्खं बेट मी शेठला पाठ न दाखवता, उलटं चालत फिरवलं. शेठला वाटलं ही आमच्याकडची इज्जत द्यायची रीत हाय. त्यांनी विचारलं, "इधर देखने जैसा क्या है?" मी म्हणलं, "साब, ये हमारा उत्तम है ना, वहीच देखने जैसा है. बाकी सब पानी है." उत्तमनं कपाळाला हात लावला. पण शेठ हसले. म्हणले, हुरड्याच्या दिवसांत मी एक गाडीभर लोक पाठवतो, तुम्ही त्यांना सांभाळून दाखवा, मग आपण पुढचं बोलू.

मग काय विचारता... उत्तमनं गावाला कामाला लावलं. देवळाम्होरं सगळ्या बाया जमवायच्या अन् शिकवायचं, "हे बगा, येणारे पाव्हणे न्हाईत. गिऱ्हाईक हायेत. खाऊन झालं की पैसे मागायचे. लाजायचं न्हाई." मला गिऱ्हाईक केलं. मी खाल्ल्यासारखं केलं, ढेकर दिला अन् उठलो. मंगलला पैसे मागायचे होते. ती म्हणली, "ह्यांच्याकडं कव्हा असतात का?" सगळ्या बाया हसून हसून बेजार. उत्तम ओरडला, "वहिनी, इथं नवरा नसतो, गिऱ्हाईक असतं!" ती म्हणली, "गिऱ्हाईकाला मी दुसऱ्यांदा चटणी वाढली नसती, भावजी."

हुरड्याचे दिवस आले अन् शेठ खरंच गाडीभर लोक घेऊन आले. आगटी पेटवली, कणसं भाजली, बायांनी गरम गरम हुरडा चोळून पानावर टाकला. संगं दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी. लोक खाऊन राहिले अन् बाया वाढून राहिल्या, "घ्या ना हो, लाजू नका." मी तर एका साहेबाला इतका आग्रह केला की तो केळीच्या बागेत जाऊन लपला. जायची वेळ झाली. पैसे घ्यायला काठावर कोण उभं? खुद्द उत्तम. जल्मभर गर्दीत घुसून पैसे घेतलेला माणूस. पयल्याच बाईनं पर्स उघडली. उत्तमचा हात पुढं आला... अन् तिथंच थांबला. मग दुसरा हात त्याला येऊन मिळाला. हात जोडून म्हणला कसा, "असू द्या ताई. हुरड्याचे कुठं पैसे असतात का? परत या."

मागं बाया उभ्या होत्या, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनाबी जमणार न्हवतंच. आमच्याकडं शेतात बोलावून हुरडा खाऊ घातला अन् पैसे घेतले, असं कुण्या पिढीत झालं न्हाई. शेठ मात्र हसत हसत खाली बसले. म्हणले, "उत्तमराव, तुमच्यानं धंदा व्हायचा न्हाई. अख्खं बेट मला लांब मुदतीच्या करारावर द्या. मी खोल्या बांधतो, पोहायचा तलाव करतो. तुमच्या लोकांना पगारावर ठेवतो. गावातल्या कुणी कामाशिवाय तिकडं यायचं मात्र न्हाई, गिऱ्हाईकाला बरं वाटत न्हाई." मी म्हणलं, "चारी बाजूनं पाणी असताना तलाव?"  उत्तमचं तोंड उतरलं होतं. स्वतःच बोलावलं, स्वतःच शिकवलं अन् स्वतःच बुडवलं, असं त्याला झालं होतं.

पण तिकडं काठावर वेगळंच चालू होतं. फुकट खाल्लेलं लोकांच्या गळ्याखाली उतरंना. ते होडीत बसायलाच तयार न्हाईत. एक बाई म्हणली, "मग काय तरी विकत तरी द्या." मंगलकडं घरची हळद होती, ती आणली. मग शेजारणीनं तिची आणली. केळीचे घड गेले. माझ्या डोईवरचं टोपलंबी एकानं उचललं, ते रिकामं होतं. शेठ जाईस्तोवर बायांच्या पिशव्या संपल्या होत्या. उत्तम त्या रिकाम्या पिशव्यांकडं बघत उभा होता. हळूच म्हणला, "किसन्या, आपल्याला जेवण विकता येत न्हाई. पण हळद विकता येती की रे."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठला फोन लावला. "बेट देत न्हाई साहेब. हळद दळायची गिरणी टाकायची हाय, गावाच्या काठाला. तिच्यात या भागीदार म्हणून." शेठ न्हाई म्हणले. मग उत्तम वणवण फिरला. नांदेडला, लातूरला, कुठं कुठं. शेवटी पैसे घातले ते लातूरच्या एका दाळमिलवाल्यानं. तोच, जो माझ्या आग्रहाला भिऊन केळीत लपला होता. गिरणी सुरू झाली. पाव्हणे येऊन राहिले, फुकट खाऊन राहिले अन् पिशव्या भरून हळद नेऊन राहिले. पुण्याला गेलेली सगळी पोरं काई परत आली न्हाईत. उत्तमला त्याचं वाईट वाटायचं. पण आमच्या बाया बेटावरल्या शेतात जाताना कुणाला विचारत न्हाईत, ह्याच्यावर तो खुश होता.

उत्तमच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्या माघारी करायच्या कार्यक्रमाला, शेठ आले. हैदराबादहून मुद्दाम. उत्तमच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले. मग उत्तमच्या बायकोला, रमावहिनीला म्हणले, "वहिनी, उत्तमराव होते तवर ठीक होतं. आता एकट्या बाईमाणसाला हे झेपायचं न्हाई. बेटाचं बगा, माझा शब्द अजून तोच हाय."  ज्यांच्या जमिनी बेटावर हायेत ते सगळे खाली मान घालून. एवढे दिवस उत्तम बोलायचा, आम्ही नुसतं त्याच्या मागं उभं राहायचो. मला वाटलं आपण बोलावं. उठायला गेलो तर पायाला मुंग्या आलेल्या, तसाच शेजारच्याच्या मांडीवर बसलो.

वहिनीनं पदर सारखा केला. म्हणली, "तुम्ही एवढ्या लांबून आलात, लई बरं वाटलं. जेवल्याशिवाय जायचं न्हाई. अन् बेटाचं म्हणाल तर रविवारी लोक येणार हायेत. मला सरपण बघायचंय." एवढंच. अन् उठून आत गेली, त्यांचं पान वाढायला. ज्यांच्या माना खाली होत्या त्या वर आल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. शेठ जेवले, हात जोडले, गेले.

रविवारी सकाळी वहिनी काठावर आली. पाण्याला ती लई भिती. लग्न होऊन आली तव्हापासून होडीत पाय घातला न्हवता. म्हणली, "भावजी, हे कुठं बसायचे?" मी होडीच्या नाकाकडची फळी दाखवली. उत्तम तिथं उलटा बसायचा, बेटाकडं पाठ अन् गावाकडं तोंड करून. मला वाटायचं पाव्हण्यांवर नजर ठेवायला. वहिनी तशीच बसली, फळी दोन्ही हातांनी धरून. होडी निघाली. बराच वेळ ती समोर बघत राहिली. मग म्हणली, "इथून आपलं दार दिसतंय हो."

मीबी वळून बघितलं. खरंच, सगळं गाव सोडून उत्तमच्या घराचं तेवढं एकच दार सरळ समोर दिसत होतं...

एवढी वर्षं वल्हं मारून राहिलो, पण बेटाकडं जाताना मागं वळून मी कधी बघितलं न्हवतं. मी नुसता खाकरलो.

वहिनी डोळे पुसून म्हणली, "बघताय काय भावजी, वल्हं मारा. लोक यायच्या आत आगटी पेटली पाहिजे."