हिरवी झालेली नळी

कुंभकोणमला सकाळच्या गाडीने उतरलो. स्टेशनावर मला घ्यायला सुंदरराव आले होते. तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेल्या घराण्यातले हे निवृत्त रसायनशिक्षक. त्यांचे मराठी बखरीतून उठून आल्यासारखे. "प्रवास बहुत जाहला, आधी कापी घ्या," म्हणाले. पितळी वाटीत फेसाळलेली कॉफी आणि केळीच्या पानावर गरम अडै (डाळ-तांदळाचे जाड धिरडे) अशी न्याहारी झाली.

तिरुविडैमरुदूरचे देऊळ बाराला बंद होते, म्हणून आम्ही लगेच मोटारस्टँडवर गेलो. वाटेत त्यांनी सांगितले, की चार वर्षांपूर्वी त्यांची पत्नी याच रस्त्यावर प्रवासी मोटार उलटून वारली. ड्रायव्हर प्यालेला होता, पण कोर्टात ते सिद्ध झाले नाही.

"मद्रास इलाख्यात दारूबंदी आहे ना?" मी विचारले.

"कारैकल फ्रेंचांचे आहे की. मोटारीने जावे, पिऊन यावे."

तेव्हापासून त्यांनी एकच उद्योग केला. काचेच्या नळीत औषधाने भिजवलेले नारिंगी खडे भरले. प्यालेल्या माणसाने फुंकले की ते हिरवे होतात. खूप विनवण्या केल्यावर एका मालकाने आपल्या एका मोटारीत ती नळी ड्रायव्हरच्या बाकाशेजारी बसवू दिली. ड्रायव्हरने आधी फुंकायचे, खडे नारिंगी राहिले तरच कंडक्टरने इंजिन फिरवायचे हँडल बाहेर काढायचे, असा नियम ठरला.

आम्ही त्याच मोटारीत चढलो. ड्रायव्हर गोविंदन चाळिशीचा, कपाळाला विभूती लावलेला. सुंदररावांना नमस्कार करून त्याने नळीत फुंकले. बघता बघता अर्धे खडे हिरवे झाले.

"सर, काल कारैकलला मेव्हण्याचे लग्न होते," तो खाली मान घालून तमिळमध्ये म्हणाला. सुंदररावांनी मला अर्थ सांगितला. गोविंदन पुढे म्हणाला, "आता काही नाही, सर."

"हँडल देऊ नका!" सुंदरराव कंडक्टरला म्हणाले.

मागून ओरडा सुरू झाला, "पोलाम्, पोलाम् (चला, चला)!" मालक धावत आला. नळी जुनी झाली असेल, असे तो म्हणाला. सुंदरराव माझ्याकडे वळले. "आपण शिकलेले, परगावचे. आपले ऐकतील. सांगा की."

मी घड्याळ पाहिले. अकरा वाजून गेले होते.

"सुंदरराव, एवढ्याने काय होते? देऊळ बंद होईल."

ते खाली उतरले आणि तिथेच उभे राहिले. कंडक्टरने हँडल मारले.

तिरुविडैमरुदूरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती. डोक्यावर रोपांची जुडी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेने येत होती. रस्ता सरळ होता, समोर काहीही नव्हते, तरी मोटार तिच्या अंगावर गेली. गोविंदन उतरला, तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. शेतातल्या बायका चिखलातून धावत आल्या, तोवर ती गेली होती. तिचे नाव अंजलै.

पोलीस यायच्या आत मालक दुसऱ्या मोटारीने पोहोचला. त्याने नळी उपटली आणि बुटाखाली चिरडली. आम्ही सगळे पाहत होतो. जबाब घेतले तेव्हा प्रवाशांपैकी कोणी काही पाहिले नव्हते. मी मात्र खरे ते लिहून दिले. फौजदाराने कागद घडी करून ठेवला. "कोर्टात येऊन सांगाल?"

"येईन," मी म्हणालो.

संध्याकाळी कुंभकोणमला परतलो, तेव्हा सुंदररावांनी मला स्टेशनावर पोहोचवले. गाडी हलेपर्यंत ते फलाटावर उभे होते, आणि मी माफी न मागताच निघालो.

पुण्यात परतल्यावर लोकांना मी दक्षिणेतली गोपुरे, तिथला भात, तिथली जुनी गोड मराठी यांविषयी पुष्कळ सांगितले. दीड महिन्याने सुंदररावांचे पत्र आले. सुनावणीची तारीख होती आणि खाली एकच ओळ: "मोटारीत होते त्यांतून साक्षीस आपण एकटेच आहात."

मी उत्तर पाठवले, की कचेरीतून रजा मिळत नाही.

रजा मी मागितलीच नव्हती.