नेमके एक हजार

वाकोल्याच्या झेवियरने आयुष्यात दोनच गोष्टी स्वतःच्या हाताने उभ्या केल्या: घरासमोरच्या क्रूसाशेजारचा ओटा आणि हॉस्पिटलातली एक स्क्रिप्ट. ओट्याला तडे गेले, स्क्रिप्टला नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

स्क्रिप्ट म्हणजे दोन-अडीचशे ओळींचा प्रोग्राम, पर्ल नावाच्या भाषेत, २००३ साली लिहिलेला. अंधेरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात झेवियर तेव्हापासून संगणक सांभाळतो. तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं एका सर्व्हरवर असतात, त्याला डिरेक्टरी म्हणतात. रोज सकाळी सहाला झेवियरची स्क्रिप्ट डिरेक्टरीला विचारते, ‘कामावर कोण कोण आहे?’ डिरेक्टरी नावं देते, स्क्रिप्ट ती गेटवरच्या मशीनकडे पोचवते. मग माणसाने कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

“सर, तुमचं पर्ल आता म्युझियमला देऊन टाका,” असं मुलुंडची गार्गी आठवड्यातून एकदा तरी म्हणायची. ती त्याच्या खात्यातली इंजिनिअर. तिला सगळं पायथन या आजच्या भाषेत नव्याने लिहायचं होतं.

“म्युझियममध्ये मेलेल्या वस्तू ठेवतात,” झेवियर म्हणायचा. “ही चालते.”

त्या सोमवारी तो फारच खुशीत होता. नवी विंग सुरू झाल्यामुळे माणसं वाढली होती, आणि स्क्रिप्टने पडद्यावर लिहिलं होतं: १००० नावं पाठवली.

“हजारी गाठली आपण, गार्गी!” जणू हॉस्पिटल त्याच्या आजोबांनी काढलं होतं. त्याने कोपऱ्यावरून मावा केक मागवले.

केक संपायच्या आत द्रौपदीबाई दारात उभ्या राहिल्या. एकोणतीस वर्षं प्रसूती वॉर्डात आया, आणि गेल्या आठवड्यापासून नव्या विंगमध्ये बदली. गळ्यात निळ्या पट्टीला लोंबकळणारा बिल्ला: व्हिजिटर.

“अरे वा मावशी, कोणाला बघायला आलात? कोण आजारी?”

“तुझी मशीन.”

झालं होतं असं की त्यांनी कार्ड टेकवलं आणि लाल दिवा लागला. कार्ड नसलं किंवा लाल दिवा लागला की रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि व्हिजिटरचा बिल्ला घालायचा, असा प्रशासन अधिकारी देवदत्तसाहेबांचा कडक नियम. गेटवरचा विद्याधर मालवणचा, नोकरीवर नवा. “माका सांगान काय उपेग मावशी, मशीन लाल दाखवता,” म्हणत त्याने बिल्ला पुढे केला होता.

“रजिस्टरात एक रकाना आहे, कोणाला भेटायचंय म्हणून,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “मी लिहिलं, द्रौपदी. बघूया कधी भेटते ते.”

झेवियरने लगेच डिरेक्टरीत शोध घेतला. नावाने शोधलं, बाई सापडल्या. कार्डाच्या नंबराने शोधलं, सापडल्या. बदली झालेलं खातंसुद्धा बरोबर. पण स्क्रिप्टने सगळ्यांना एकदम बोलावलं की त्यांचं नाव नाही. एकटीला हाक मारली तर ओ देते, सगळ्यांबरोबर बोलावलं तर गायब.

मंगळवारी त्याने गेटच्या यादीत त्यांचं नाव हाताने घातलं. दुपारी हिरवा दिवा लागला, बाईंनी वॉर्डभर सांगितलं की आपल्या झेवियरने केलं. बुधवारी सकाळी सहाला स्क्रिप्टने यादी पुन्हा कोरी करकरीत लिहिली, आणि सातला बाईंच्या गळ्यात पुन्हा निळी पट्टी. या वेळी मागे वॉर्डातल्या चार जणी उभ्या होत्या. हसत.

त्या दिवशी त्या केबिनमध्ये आल्या त्या बसल्यासुद्धा नाहीत.

“शनिवारपर्यंत बघते. शनिवारी हा परत गळ्यात आला, तर सोमवारपासून मी पाहुणीच. पाहुण्याला यायची सक्ती नसते.”

“मावशी, आठ महिने राहिलेत रिटायरला...”

“तुझ्या शॉनला पहिली आंघोळ कोणी घातली?”

“तुम्ही.”

“तेव्हा मला बिल्ला लागला नव्हता.”

त्या गेल्यावर गार्गी हळूच म्हणाली, “सर, रोज सहा वाजून पाच मिनिटांनी नाव हाताने घालू ना. आठ महिन्यांचाच तर प्रश्न आहे.”

“हाताने घातलेलं नाव म्हणजे वशिला,” झेवियर म्हणाला. “तिचं नाव आपोआप आलं पाहिजे. बाकीच्यांचं येतं तसं.”

गुरुवारभर त्याने स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. स्वतःच्या जुन्या अक्षराकडे बघावं तसा तो त्या ओळींकडे बघत होता. थोडा लाजत, थोडा लाड करत. चूक दिसेना. गार्गी मागून बघायची आणि सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा पायथनचा होता.

शुक्रवारी दुपारी डबा उघडतोय तेवढ्यात बायकोचा, आयरीनचा फोन आला. तिची भाची किम्बर्ली हिचं लग्न तोंडावर होतं.

“ऐकलंस का? किम्बर्लीचा भाऊ नेव्हिल गावठाणात घरोघरी फिरून आमंत्रणाची माणसं मोजून आला. म्हणे, तीनशे.”

“बरं मग?”

“बरं काय? बरोब्बर तीनशे? दोनशे सत्त्याण्णव म्हणाला असता तर मी मानलं असतं. माणसं मोजली की आकडा कधी गोल येतो काय रे? तीनशेला कंटाळला असणार आणि घरी जाऊन झोपला. वरची आळी अख्खी राहिली, मी सांगते तुला!”

झेवियरच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“गार्गी! आज किती नावं पाठवली?”

“हजार.”

“काल?”

“हजारच.” ती थांबली. “सोमवारपासून रोज हजारच आहेत, सर.”

दहा मिनिटांत उलगडा झाला. डिरेक्टरी एका दमात हजारच नावं देते. त्यापुढे ती निरोप पाठवते की अजून आहेत, पण मी थांबले. झेवियरच्या स्क्रिप्टने तो निरोप बावीस वर्षांत एकदाही वाचला नव्हता. लिहिली तेव्हा हॉस्पिटलात माणसं होती दोनशे बारा. वाचायची गरज कोणाला होती? आता नव्या विंगमध्ये बदली झालेल्या सात जणांच्या नोंदी नव्याने केल्यामुळे ते रांगेच्या शेवटी गेले होते. त्या सातांत द्रौपदीबाई.

“मग बाकीच्या सहा जणांनी तक्रार कशी नाही केली?” गार्गीने विचारलं.

दोघांनी नावं वाचली. तीन डॉक्टर, ज्यांना विद्याधर स्वतःच दार उघडून देतो. दोन नर्स, ज्या कायम दुसऱ्याच्या पाठोपाठ आत घुसतात. आणि सहावे, देवदत्तसाहेब. सातांपैकी आठवडाभरात कार्ड टेकवलं होतं ते एकट्या द्रौपदीबाईंनी.

झेवियरने दुरुस्ती केली: शंभर-शंभर नावं मागायची, आणि संपली असं डिरेक्टरी स्वतः म्हणेपर्यंत मागतच राहायचं. पडद्यावर आकडा आला, १००७. वाकडातिकडा, झकास आकडा. दुरुस्तीच्या वर त्याने पुढच्यांसाठी टीप लिहिली: गोल आकड्यावर विश्वास ठेवू नये. – आयरीन.

“चूक माझीच होती,” तो गार्गीला म्हणाला. “पण पायथनमध्येही मी हीच केली असती.”

“ते खरंय,” गार्गी म्हणाली. तिने तेवढ्यावर सोडलं, हे तिचं मोठेपण.

शनिवारी झेवियर पावणेसातलाच गेटवर हजर. द्रौपदीबाई आल्या. त्यांनी कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला.

त्या लगेच आत गेल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी व्हिजिटरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. काल रागात तो त्यांच्यासोबत घरीच गेला होता. निळी पट्टी धुतलेली, इस्त्री केलेली.

“केवढी मळली होती,” त्या विद्याधरला म्हणाल्या. “पुढच्याला तरी स्वच्छ मिळू दे.” मग झेवियरकडे वळून: “शॉनला सांग, त्याचा बाप शिकलेला आहे.”

एवढ्यात देवदत्तसाहेब आले. विद्याधरने सलाम ठोकला आणि दाराला हात घातला.

“साहेब,” द्रौपदीबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “कार्ड.”

साहेबांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला. कार्ड केबिनच्या खणात होतं, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. विद्याधरने आधी साहेबांकडे बघितलं, मग झेवियरकडे, मग टेबलावरच्या निळ्या पट्टीकडे.

इस्त्रीची पट्टी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर फार शोभत होती, असं द्रौपदीबाई अजून सांगतात.