सरांनी मागितलेलं बाकडं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध, अप्पा शाळेत मास्तर. दाराला लिंबू-मिरची नाही, अंगारा-धुपारा नाही, आणि कोणी भुताचं नाव काढलंच तर अप्पा विचारायचे, "पुरावा काय?" त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं हसू येतंय...

मी नाशिकला, राणेनगरमध्ये राहते. अप्पा गेल्यापासून फ्लॅटमध्ये मी एकटीच. काम घरूनच – इमारतींची कॉम्प्युटरवर मॉडेल्स बनवायची. मॉडेल क्लाउडवर असतं, म्हणजे मी राणेनगरहून आणि ऑफिसातले माझे सीनियर गांगुर्डे सर पंचवटीतल्या त्यांच्या घरून, एकाच इमारतीत एकाच वेळी काम करायचो. त्यात एक गंमत असते. मी एखादी भिंत हलवायला घेतली की ती माझ्या ताब्यात. सरांना तीच हवी असेल तर माझ्या स्क्रीनवर चौकट येणार – गांगुर्डेंना ही भिंत हवी आहे, देता का? मी 'दिली' म्हटल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. फोनवर आम्ही क्वचितच बोलायचो, पण हे देणं-घेणं दिवसभर चालू.

सरांचा नियम मात्र कडक. नुसतं चहाला उठायचं असलं तरी सेव्ह करून, ताब्यातलं सगळं सोडून उठायचं. "मॅडम, आपल्यापायी दुसऱ्याचं काम अडकायला नको," म्हणायचे.

उन्हाळ्यात सर गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या जागी ऑफिसने कोणाला घेतलं नाही. तेव्हापासून अख्ख्या इमारतीत मी एकटी. कुठलीही भिंत उचला, कुठलंही दार हलवा, कोणी काही मागत नाही. तुम्ही म्हणाल, काय सुख! मला ते खायला उठायचं.

दिवाळीनंतर एका दुपारी विंचूरच्या मुलींच्या होस्टेलचं मॉडेल उघडेचना. आमचा ऑफिसप्रमुख अमोल, त्याला फोन लावला.

"अमोल, मॉडेल करप्ट झालंय. बॅकअप कुठाय?"

"अगं ताई, क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअपच की!"

आमच्या धंद्यात हे वाक्य प्रत्येक जण एकदा तरी बोलतो आणि मग डोकं धरून बसतो. सर दर शनिवारी वेगळी कॉपी काढून ठेवायचे. त्यांच्यानंतर ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. क्लाउडवर जुन्या आवृत्त्या असतात, पण बिघडलेलं मॉडेलच सेव्ह होत गेलं असेल तर त्याही बिघडलेल्या. एकेक उघडत मी मागे मागे गेले. जीव टांगणीला लागला होता, कारण हे सरांचं शेवटचं काम. अखेर एक उघडली – सर जायच्या थोडं आधीची. ती रिस्टोअर केली. सर गेल्यापासून होस्टेलचं काम जवळजवळ थांबलेलंच होतं, म्हणून फारसं काही बुडालं नाही.

"सुटलो!" अमोल म्हणाला. "आता आधी ते जिन्यातलं बाकडं उडव. वाट अडतेय, क्लायंट ऐकत नाहीये. संध्याकाळी पाठवायचंय."

त्या बाकड्यासाठी सर मीटिंगमध्ये भांडले होते. "पोरी पहिल्यांदा घर सोडून येणार. घरी फोन करतील, रडतील. बसायला नको का कुठं?"

मी बाकडं जरासं बाजूला ओढून पाहिलं, म्हणजे ते माझ्या ताब्यात आलं. डिलीटवर बोट ठेवलं, पण दाबवेना. आणि स्क्रीनवर चौकट आली.

गांगुर्डे सरांच्या नावानं. हे बाकडं हवं आहे, देता का?

घाबरले? नाही. खरं सांगू, मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागत होतं. हाताच्या सवयीनं मी 'दिलं' दाबूनही टाकलं... अंगावर काटा आला तो त्यानंतर.

खाली टपरीवर अंबडच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून आलेली माणसं मोठमोठ्यानं हसत चहा पीत होती. थोड्या वेळानं मॉडेल सिंक केलं, म्हणजे क्लाउडवरचे नवे बदल माझ्याकडे ओढले, तर बाकडं सरकलेलं. वाटेतून उठून खिडकीच्या खोल कोनाड्यात नीट बसलेलं, जिना मोकळा. आणि त्याच्यावर आता कोणाचाच ताबा नव्हता. काम झाल्यावर सोडून दिलेलं.

"ताई, भारी जागा शोधलीस," अमोल म्हणाला. मी नाही शोधली म्हटल्यावर हसला. सरांचं अकाउंट त्यानं स्वतः उन्हाळ्यातच बंद केलं होतं. "जुनी आवृत्ती आहे, त्यात जुनं नाव अडकलं असेल." असेलही. पण अडकलेलं नाव बाकडं मागत नाही, सरकवत तर नाहीच नाही. मॉडेलच्या नोंदीत तो बदल माझ्याच नावावर दिसतो. अप्पांनी पुरावा मागितला असता, तर माझ्याकडे साधा स्क्रीनशॉटही नाही.

बाकडं राहिलं. होस्टेलचं काम सुरू झालंय. शनिवारची कॉपी आता मी काढते. या सगळ्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मी शोधतही नाही.

मला छळतं ते वेगळंच. मी इतक्या लगेच 'दिलं' का दाबलं? ते बाकडं थोडा वेळ माझ्याकडेच अडकवून ठेवलं असतं, तर सरांना थांबावं लागलं असतं.